‘मॉन्स्टर’ पडला म्हणतात, तो नक्की पडला कधी?

नारिंगी अस्वल

आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या ‘मॉन्स्टर’ अल्बमचं नाव काढलं की जाणकार मंडळी गालातल्या गालात हसतात. सेकंडहँड सीडीच्या दुकानात ढिगाने मिळणारा, नारिंगी कव्हरचा, कोणालाच घरात नको असलेला अल्बम. हा विनोद तीस वर्षं चालू आहे आणि तो करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी अल्बम ऐकलेला नसतो. इथे ऐकणारे लोक आहेत म्हणून विचारतो: हा अल्बम पडला असं जे सगळे धरून चालतात, तो पडला कधी?

तारखा लावून बघा. २७ सप्टेंबर १९९४ ला अमेरिकेत आला तो थेट बिलबोर्डच्या खपाच्या यादीत पहिला. ब्रिटनमध्येही पहिला. आधीचा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ (१९९२), ज्याची आज पूजा होते, तो अमेरिकेत दुसऱ्या नंबरच्या वर गेलाच नव्हता. ‘मॉन्स्टर’ अमेरिकेत चार वेळा प्लॅटिनम, म्हणजे चाळीस लाख प्रती. ‘व्हॉट्स द फ्रीक्वेन्सी, केनेथ?’ हे पहिलं सिंगल मॉडर्न रॉकच्या यादीत आल्या आल्या पहिल्या जागेवर बसलं. मोठ्या नियतकालिकांतल्या परीक्षणांचा सूरही एकूण चांगलाच होता. मग नाक मुरडलं कोणी?

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव, तिथली ही चार पोरं: मायकेल स्टाइप (गायक), पीटर बक (गिटार), माइक मिल्स (बेस), बिल बेरी (ड्रम). १९८० पासून एकत्र. १९८३ चा ‘मर्मर’ हा पहिला मोठा अल्बम. रोलिंग स्टोन मासिकाच्या समीक्षकांनी मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे ठेवून त्याला वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. पुढे १९९१ ला ‘आउट ऑफ टाइम’, त्यात मँडोलिनवरचं ‘लूझिंग माय रिलिजन’, आणि ही मंडळी घराघरांत पोचली. पाठोपाठ ‘ऑटोमॅटिक’: संथ, मरणाच्या आसपास फिरणारा, काही गाण्यांतलं तंतुवाद्यांचं संयोजन लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सचं. हे दोन्ही अल्बम काढून बँडने दौरा केलाच नाही. तिसऱ्या वेळी दौऱ्यावर जायचं ठरलं. मँडोलिन घेऊन स्टेडियममध्ये किती वेळ उभं राहणार? बकने इलेक्ट्रिक गिटार काढली, ट्रेमोलो (सूर थरथरवणारा इफेक्ट) चालू केला आणि पुढची गाणी त्याच आवाजातून निघाली.

आता माझं कारण सांगतो. मी नाटकांना साउंडला असतो, सीझनला वाद्यवृंदही करतो. आमच्याकडे पहिला नियम एकच, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. संगीत जरा कमीजास्त झालं तर दिग्दर्शक सोडून देतो, पण वाक्य बुडलं की विंगेतून हातवारे सुरू. शिवाय आपण मराठी माणसं शब्दप्रधान गायकीवर वाढलेली. भावगीतात तबला आणि व्हायोलिन गाणाऱ्याच्या पुढे जात नाहीत.

‘मॉन्स्टर’मध्ये हे सगळं उलटं केलंय. गिटार पुढे, स्टाइप मागे. ‘क्रश विथ आयलायनर’मध्ये त्याचं बोलणं म्हणजे वरातीत बँडला खेटून चालताना नवरदेवाच्या कानात काही सांगावं तसं आहे. हे चुकून झालेलं नाही. निर्माता स्कॉट लिट १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’पासून त्यांच्याबरोबर होता. ‘ऑटोमॅटिक’मध्ये त्यानेच स्टाइपचा आवाज अगदी कानाशी आणून ठेवला होता, त्यामुळे त्याला फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) वर करता येत नव्हता असं कोणी म्हणू नये. इथे स्टाइप स्वतः गातच नाही, पात्रं करतो: कोणाच्या तरी मागे लागलेले, आरशापुढे उभे राहून स्वतःलाच फसवणारे. या लोकांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं असतं तर त्यांच्यावर विश्वास बसला असता, आणि तोच बसायला नको होता.

आणखी एक. १९९४ च्या जानेवारीत रोलिंग स्टोनमध्ये छापून आलेल्या मुलाखतीत निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन म्हणत होता की पुढचा अल्बम आर.ई.एम.च्या शेवटच्या रेकॉर्डसारखा, तरल आणि अकूस्टिक व्हावा. म्हणजे निर्वाणाला ‘ऑटोमॅटिक’कडे जायचं होतं, नेमक्या त्याच महिन्यांत आर.ई.एम. निर्वाणाच्या दिशेने निघाले होते. एप्रिलमध्ये कोबेन गेला. ‘लेट मी इन’ हे त्याला उद्देशून आहे: फाटलेल्या आवाजाची गिटार, मागे ऑर्गन, ड्रम जवळजवळ नाहीतच, आणि त्या गिटारच्या पलीकडून हाका मारणारा स्टाइप. अल्बम अर्पण केलाय रिव्हर फिनिक्सला. तो नट ऑक्टोबर १९९३ मध्ये तेविसाव्या वर्षी वारला होता. दोघेही स्टाइपच्या जवळचे. आणि या अल्बमला लोक ‘उथळ ग्लॅम’ म्हणतात.

शिव्या घालायला हरकत नाही. फक्त ऐकून घाला.

बेसूर

अस्वलराव, धागा जमलाय, मुद्दा पटला नाही.

मी त्या काळी चॅनल व्हीवर ‘केनेथ’चा व्हिडिओ बघून कॅसेट घेतलेला माणूस आहे. ऐकून घालतोय. बारा गाणी आहेत, त्यातली पाच उत्तम: पहिली दोन, ‘स्ट्रेंज करन्सीज’, ‘टंग’ आणि ‘लेट मी इन’. ‘बँग अँड ब्लेम’ बरं आहे. ‘किंग ऑफ कॉमेडी’, ‘आय टुक युअर नेम’ आणि ‘सर्कस एन्व्ही’ एकापाठोपाठ लावा आणि कुठलं कधी संपलं ते मला न बघता सांगा. पात्रं करतोय हे ठीक. पण पात्राला चांगलं गाणं द्यायची जबाबदारी कोणाची? वाईट चाल गोंगाटात बुडवली की ती भूमिका होते, हे मला मान्य नाही. तुमच्या नाटकात एखाद्या नटाने पाठांतर नसताना पुटपुटून वेळ मारून नेली तर तुम्ही त्याला काय म्हणता?

आणि खरोखर अन्याय झालेला अल्बम हवा असेल तर स्मॅशिंग पंपकिन्स बँडचा ‘अडोअर’ (१९९८) घ्या. आधीचा ‘मेलन कॉली’ दोन सीडींचा, अठ्ठावीस गाण्यांचा, अफाट खपलेला. मग जुलै १९९६ मध्ये दौऱ्यावरचा कीबोर्डवादक हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला, ड्रमर जिमी चेंबरलिनला काढून टाकलं, डिसेंबरमध्ये गायक बिली कॉर्गनची आई गेली. त्यानंतर हा माणूस ड्रम मशिन आणि पियानो घेऊन बसतो आणि आईवर ‘फॉर मार्था’ करतो. लोकांना हवं होतं ‘बुलेट विथ बटरफ्लाय विंग्ज’ परत. बिलबोर्डवर दुसऱ्या क्रमांकावर येऊनसुद्धा त्याला अपयश म्हटलं गेलं. याला म्हणतात अन्याय. ‘मॉन्स्टर’वर काय अन्याय झाला? चाळीस लाख प्रती?

अवांतर: ‘अडोअर’वर वेगवेगळ्या गाण्यांना वेगवेगळे ड्रमर आहेत, त्यातला एक जोई वॉरोंकर. बिल बेरी सोडून गेल्यावर हाच पुढे आर.ई.एम.बरोबर वाजवायला आला. जग लहान आहे.

रीळ

कॉर्गनची बाजू घेणारा माणूस मराठी आंतरजालावर पहिल्यांदाच बघितला. धागा जपून ठेवतो.

मिडवेस्टकर

अस्वलांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं. मी १९९५ ला एमएस करायला इकडे अमेरिकेत आलो, एका विद्यापीठाच्या गावात. नारिंगी ढिगाचा विनोद मी ऐकलेला नाही, बघितलाय. आमच्या गावातल्या वापरलेल्या सीडींच्या दुकानात आर या अक्षराखाली नारिंगी कडांची अख्खी रांग असायची, आणि काउंटरवरचा पोरगा आणखी एक घ्यायला नकार द्यायचा.

पण तो ढीग कशाने होतो ते बघा. नवी सीडी तेव्हा पंधरा-सोळा डॉलरला. विद्यार्थ्याच्या खिशाला ती जड, म्हणून आवडली नाही की चार-पाच डॉलरला विकून टाकायची पद्धत. त्यातच कोलंबिया हाउस आणि बीएमजीचे टपालाने सीडी पाठवणारे म्युझिक क्लब. त्यांची गंमत अशी की महिन्याची ‘निवडक’ सीडी नको असं तुम्ही वेळेत कळवलं नाही तर ती घरी येऊन पडायची, बिलासकट. विसरणारे हजारो. त्यामुळे त्या ढिगात नेहमी तेव्हाचे सगळ्यात मोठे अल्बम असायचे. फक्त दोन हजार खपलेला चांगला अल्बम सेकंडहँड दुकानात दिसतच नाही, कारण विकायला कोणाकडे असतो? म्हणजे ढिगावरून अल्बम किती वाईट ते कळत नाही, किती चुकीच्या घरांत गेला ते कळतं.

आणि ‘मॉन्स्टर’ चुकीच्या घरांत गेला. माझी रूममेट होती टेनेसीची, नर्सिंगची विद्यार्थिनी. ‘ऑटोमॅटिक’मधलं ‘एव्हरीबडी हर्ट्स’ ऐकून रडणारी. तिने पहिल्याच आठवड्यात ‘मॉन्स्टर’ घेतला होता. दोनदा लावला, तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आणून ठेवला. माझी प्रत तीच. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला जे हवं होतं ते त्या डबीत नव्हतंच. ‘स्ट्रेंज करन्सीज’ सोडलं तर.

मग पडला कधी? माझ्या मते १९९६ ला. दौरा जानेवारी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला सुरू झाला, सहा वर्षांतला पहिला. १ मार्चला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला बिल बेरी ड्रमवर असताना कोसळला, मेंदूत अन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा). बरा झाला, परत आला, तर उन्हाळ्यात मिल्सच्या पोटाची शस्त्रक्रिया, पाठोपाठ स्टाइपचा हर्निया. आणि या सगळ्यात साउंडचेकच्या वेळी नवी गाणी रेकॉर्ड करत राहिले. त्यातून सप्टेंबर १९९६ ला ‘न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय’ आला. बँडचा सर्वोत्तम अल्बम, हवं तर भांडा. त्याच सुमारास वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी आठ कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आल्या. आणि अल्बम ‘मॉन्स्टर’च्या जवळपासही खपला नाही. ज्यांनी १९९४ ला घेऊन परत विकला होता, ते १९९६ ला दुकानात फिरकलेच नाहीत. ‘मॉन्स्टर’चं बिल ‘न्यू ॲडव्हेंचर्स’ने भरलं. पुढच्या वर्षी बेरी बाहेर पडला आणि ते चौघांचं आर.ई.एम. संपलं.

बेसूर

मिडवेस्टकरांचं लिखाण वाचून ‘मॉन्स्टर’बद्दल नाही, पण टेनेसीच्या मुलीबद्दल सहानुभूती वाटली.

एक शंका. ‘लोकांना कळला नाही, मग कळला’ ही गोष्ट बाकीच्यांच्या बाबतीत घडलीच ना? वीझर बँडचा ‘पिंकर्टन’. १९९६ ला रोलिंग स्टोनने वर्षातला सगळ्यात वाईट अल्बम म्हटलं आणि आज तोच अभ्यासक्रमात असल्यासारखा सांगतात. ‘मॉन्स्टर’ खरंच चांगला असता तर एव्हाना त्याचाही उद्धार झाला असता. तीस वर्षं कमी नाहीत.

मिडवेस्टकर

थांबा, थांबा. रोलिंग स्टोनने तसं म्हटलेलं नाही. तो वाचकांचा कौल होता आणि त्यात सगळ्यात वाईट अल्बमांत ‘पिंकर्टन’ तिसरा आला होता. मासिकाचं स्वतःचं परीक्षण धड कौतुक नाही, धड शिव्या नाहीत असं होतं. बिलबोर्डवर एकोणिसावा. वीझरच्या पहिल्या, निळ्या कव्हरच्या अल्बमच्या मानाने आपटला हे खरं. पण ‘समीक्षकांनी ठेचला’ ही दंतकथा नंतर चाहत्यांनी रंगवली. सगळ्यात जास्त शिव्या तर २००१ ला वीझरचा गायक खुद्द रिव्हर्स क्वोमोने घातल्या. मग २००४ मध्ये रोलिंग स्टोनने पाच तारे देऊन त्याला मानाच्या पानावर बसवलं, २०१० मध्ये बँड तो अख्खा अल्बम मंचावर वाजवत फिरला. हार्वर्डच्या वसतिगृहात पायाला लोखंडी सांगाडा लावून एकटा बसलेला क्वोमो, पुच्चिनीच्या ऑपेरातून घेतलेलं नाव, कव्हरवर जपानी चित्रकार हिरोशिगेचं बर्फातलं गाव. गोष्ट सांगायला इतकं सामान असलं की उद्धार सोपा जातो.

सावनी०४

अस्वल काका (रागावू नका), मी २००४ ची आहे त्यामुळे ढीग, क्लब वगैरे सगळं मला इतिहासाच्या पुस्तकासारखं आहे 😅

मी ‘मॉन्स्टर’ला आले ती ‘द बेअर’ या मालिकेमुळे. तिच्या दुसऱ्या सीझनमध्ये ‘स्ट्रेंज करन्सीज’ सारखं येतं. गाणं शोधलं, अल्बम लावला, आवडला. याला कोणी हसतं हे मला हा धागा वाचून कळलं. माझ्या मैत्रिणींना आर.ई.एम.च माहीत नाही, तर ‘मॉन्स्टर’ बदनाम आहे हे कुठून माहीत असणार.

प्रश्न असा की गाण्यांच्या ॲपवर दोन ‘मॉन्स्टर’ आहेत, एक मूळ आणि एक २०१९ चं रिमिक्स. मी नकळत रिमिक्सच ऐकत होते. त्यात शब्द नीट ऐकू येतात. काल मूळ लावला तर मला वाटलं इअरफोन बिघडला. तुम्ही म्हणता आवाज मागे ठेवणं हाच मुद्दा आहे, पण मग खुद्द निर्मात्यानेच पंचवीस वर्षांनी तो पुढे का आणला?

नारिंगी अस्वल

सावनी, काका चालेल. बेसूर यांना मात्र आजोबा म्हणावं.

तुझा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. स्कॉट लिटला स्वतःलाच जुनं मिक्स डाचत होतं, तसं त्याने सांगितलंय, आणि पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या सीडींच्या पेटीत त्याला ते परत करायची संधी मिळाली. त्याने स्टाइपला पुढे आणलं, काही ठिकाणी गिटारचे थर उतरवले, ‘केनेथ’चा तो थरथरणारा ट्रेमोलो बराच आवरता घेतला. कारागिरी म्हणून उत्तम काम आहे. माझ्या धंद्यातला माणूस ते ऐकून टोपी काढेल. प्रत्येक गोष्ट जागेवर.

आणि तरी मला ते चालत नाही. उदाहरण देतो, स्वतः करून बघ. हेडफोन लाव, फोन बाजूला ठेव. आधी मूळ ‘लेट मी इन’. शब्द पकडायला तुला पुढे झुकावं लागेल, काही सापडतील, काही सुटतील. तो ज्याच्याशी बोलतोय तो माणूस गेलाय. स्टाइपने त्याला एकत्र काम करायच्या निमित्ताने विमानाचं तिकीट पाठवलं होतं, त्याला त्या घरातून बाहेर काढावं म्हणून, आणि तो आला नाही. अशा माणसाशी बोलताना मध्ये एवढी मोठी गिटार असणं मला बरोबर वाटतं. मग रिमिक्स लाव. शब्द स्वच्छ. सुंदर गातो. पण आता तो तुझ्याशी बोलतोय, कोबेनशी नाही. निर्मात्याचं मत २०१९ ला बदललं असेल. १९९४ ला त्या खोलीत चौघेही होते आणि चौघांनी ते मिक्स पास केलं होतं.

बेसूर, पुटपुटणाऱ्या नटाचा टोला चांगला होता. पण पाठांतर नसलेला नट घाबरलेला असतो, लगेच कळतं. ‘क्रश विथ आयलायनर’मध्ये घाबरलेलं कोणी ऐकू येतं का तुम्हाला? मागे सॉनिक यूथ बँडचा थर्स्टन मूर साथीला गातोय, तोही मजेत. ‘केनेथ’चंच बघा. त्याचा मुखडा १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वृत्तनिवेदक डॅन रादरला मारणारा माणूस जे ओरडत होता त्यातून आलाय. आणि गाणं शेवटाकडे जरा संथ होतं, लक्षात आलंय? मिल्सचं अपेंडिक्स दुखायला लागलं होतं, त्याची लय पडली, बाकीचे त्याच्याबरोबर खाली आले, आणि तोच टेक ठेवला. बकनेच लिहून ठेवलंय. हे लोक हयगय करणारे नव्हते, काय ठेवायचं हे त्यांना कळत होतं.

आता ‘उद्धार का झाला नाही’. मिडवेस्टकरांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. उद्धाराच्या गोष्टीला खलनायक लागतो. ‘पिंकर्टन’ला तो नसताना तयार केला. रेडिओहेड बँडच्या ‘किड ए’ला तो आयता मिळाला: ऑक्टोबर २००० मध्ये अल्बम आला तेव्हा मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाने त्याची पिसं काढली, लेखक निक हॉर्नबीने न्यूयॉर्करमध्ये कुरकुर केली. पुढे २००९ च्या अखेरीस रोलिंग स्टोन आणि पिचफोर्क ही संगीताची वेबसाइट दोघांनी त्याला दशकातला पहिला नंबर दिला, आणि गोष्ट पूर्ण झाली. बघा, म्हाताऱ्या समीक्षकांना कळलं नव्हतं! पण तीही अर्धीच खरी. ‘किड ए’ पहिल्या आठवड्यातच ब्रिटन आणि अमेरिकेत पहिला होता, एकही सिंगल न काढता, आणि पिचफोर्कने तेव्हाच दहापैकी दहा दिले होते. कळलेले लोक पहिल्या दिवसापासून होते.

‘मॉन्स्टर’मध्ये समीक्षक चुकले असं म्हणायची सोयच नाही, त्यांनी कौतुक केलं होतं. चुकले कोण, तर घेणारे. आता लाखो सभ्य गिऱ्हाइकांना कोण खलनायक करणार? मिडवेस्टकरांच्या रूममेटवर कोण चित्रपट काढणार? ती गुपचूप सीडी टेबलावर ठेवून गेली. अशा नकाराचा लेख होत नाही, फक्त विनोद होतो. ‘अडोअर’ची अडचण थोडी वेगळी आहे. कॉर्गन स्वतःच इतकं बोलतो की दुसऱ्या कोणाला त्याची बाजू घ्यायला जागा उरत नाही. बेसूर अपवाद.

आणि एक गंमत. ‘मॉन्स्टर’च्या दौऱ्यात १९९५ ला रेडिओहेड आर.ई.एम.च्या आधी वाजवायला असायचे. तिथून रेडिओहेडचा गायक टॉम यॉर्क आणि स्टाइपची मैत्री. पुढे रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’च्या यशानंतर यॉर्क गर्दीने पिचला तेव्हा स्टाइपने त्याला सांगितलं की खिडक्या-दारं लावून घे आणि स्वतःला सांग, मी इथे नाहीच, हे घडतच नाहीये. ते वाक्य ‘किड ए’वरच्या चौथ्या गाण्यात जसंच्या तसं आहे. नारिंगी ढिगाला हसणारे ‘किड ए’ला हात जोडतात तेव्हा मला हे आठवतं.

मिडवेस्टकर

‘खलनायक लागतो’ हे पटलं. तरी एक जोडतो. पर्ल जॅम बँडचा ‘नो कोड’ही ऑगस्ट १९९६ चाच, तोही पहिला आला आणि त्यांच्याच आधीच्या ‘व्हाइटॅलॉजी’च्या मानाने निम्म्याहून कमी खपला. तिथे तर तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीशी भांडण, व्हिडिओ न काढणं, सगळं मुद्दाम गर्दी कमी करायला चाललं होतं. त्यांचा गायक एडी व्हेडर त्याच्या आदल्या वर्षी नुसरत फतेह अली खानांबरोबर गाऊन आला होता, त्याची सावली ‘नो कोड’मधल्या ‘हू यू आर’वर पडलीय. ‘मॉन्स्टर’ला गर्दी हवी होती, ‘नो कोड’ला नको होती, आणि १९९६ च्या शेवटी दोघांची गर्दी सारखीच पातळ झाली. त्या वर्षी एकूण हवाच बदलली होती, सगळं पाप अल्बमांच्या माथी मारू नये.

सावनी०४

केलं. हेडफोन, अंधार नाही पण आईचा टीव्ही बंद करायला लावला. मूळ ‘लेट मी इन’ दोनदा, मग रिमिक्स.

काका, तुमचं म्हणणं कळलं. मूळमध्ये ऑर्गन आधी लक्षातच येत नाही, मग अचानक कळतं की तो सुरुवातीपासून होता. ते रिमिक्समध्ये होत नाही. पण ‘टंग’ मला रिमिक्समध्येच आवडतं, तो उंच आवाज मूळमध्ये उगाच लपवलाय. आणि ‘स्ट्रेंज करन्सीज’ मला दोन्ही सारखीच. तर मी माझी यादी मिसळून बनवली आहे, गाण्यागणिक जे बरं ते. असं करणं म्हणजे पाप आहे का?

नारिंगी अस्वल

आमच्या पिढीने टू-इन-वनवर कॅसेटवरून कॅसेटवर हेच केलंय. यादी इथे टाक.

बेसूर

अस्वलराव, परत ऐकला, मूळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गाडीत. बारापैकी पाच म्हणालो होतो, सात म्हणतो. ‘आय डोन्ट स्लीप, आय ड्रीम’ चांगलं आहे, ‘यू’सुद्धा. ‘सर्कस एन्व्ही’ नाही म्हणजे नाही. सावनी, तुझ्या यादीत ते असेल तर काढ.